चलच्चित्रातील प्रक्षेप

प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाला ‘प्रक्षेप’ हा शब्द नवा नाही. एका काळच्या संहितेत दुसऱ्या काळच्या हाताने घातलेला, आणि सांधा नजरेस येऊ नये अशा बेताने घातलेला मजकूर म्हणजे प्रक्षेप. आधी चित्रित झालेल्या दृश्यात नवे दृश्य सॉफ्टवेअरच्या साह्याने बसविण्याची जी कला आज घरोघरच्या संगणकावर उतरली आहे, ती मूलतः प्रक्षेपाचीच कला होय. तिच्या तंत्राची चर्चा पुष्कळ होते. तिची पाठचिकित्सा मात्र समीक्षकाने करावयाची आहे.

ही कला संगणकाने जन्मास घातली, असा समज असल्यास तो आधी दूर केला पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये हनुमंताला आकाशातून उडविले आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये आपली कन्या मंदाकिनी हिला कृष्णरूपाने नागाशी झुंजविले. त्या काळी चौकटीचा काही भाग काळ्या आच्छादनाने झाकावयाचा, फिल्म मागे फिरवून उरलेल्या भागावर दुसरे दृश्य टिपावयाचे, अशी रीत होती. आजचे हिरवे पडदे आणि सॉफ्टवेअरमधील ‘मास्क’ ही त्याच आच्छादनाची सुधारलेली रूपे होत. फरक इतकाच की, फाळक्यांना चूक झाल्यास सारी फिल्म गमवावी लागे. आजच्या कारागिराला एक कळ दाबून मागे येता येते.

तरी आजच्या कारागिराचे काम सोपे आहे असे नव्हे. जबलपूरच्या ग्वारीघाटावरील संध्याकाळच्या नर्मदा-आरतीची एखादी चित्रफीत घ्यावी, आणि तीत नदीतून जाणारी एक नाव नव्याने घालावयाची आहे असे समजावे. घाट उत्तर तीरावर आहे. कॅमेरा दक्षिणेकडे रोखला की मावळते ऊन उजवीकडून येते. तेव्हा नावेवरही ते उजवीकडूनच पडले पाहिजे. मूळ फितीत सेकंदाला पंचवीस चौकटी असतील, तर नव्या फितीची गती तिच्याशी जुळली पाहिजे. हातातल्या कॅमेऱ्याचे सूक्ष्म हेलकावे मोजून नावेलाही तेच हेलकावे द्यावे लागतात. मूळ चित्र अंधुक, दाणेदार असेल तर नवे स्वच्छ चित्र मुद्दाम मळवावे लागते. आणि सर्वांत कठीण म्हणजे पाणी : नावेचे प्रतिबिंब तरंगांवर मोडले पाहिजे, आणि सोडलेले दिवे तिच्या आड येताच क्षणभर दिसेनासे झाले पाहिजेत.

हे सर्व साधले, आणि कारागिराने त्या नावेत परिक्रमेला निघालेला एक यात्री बसविला, असे समजू. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याने नदी ओलांडावयाची नाही, हा तर त्या व्रताचा पहिला नियम! प्रकाश, गती, प्रतिबिंब, सारे निर्दोष असूनही परिक्रमेची रीत जाणणारा मनुष्य तो प्रक्षेप तत्काळ ओळखील. सांधा डोळ्यांना दिसला नाही तरी अर्थाला दिसतो. पाठचिकित्सक ज्यास अंतर्गत प्रमाण म्हणतात ते हेच, आणि त्याची परीक्षा करणारे यंत्र म्हणजे त्या जीवनाशी परिचय असलेले मन.

पण मग फाळक्यांचा हनुमंत आणि ही नाव यांत फरक कोणता? दोन्ही जोडकामेच आहेत. फरक प्रेक्षकाला दिलेल्या वचनात आहे. ‘लंकादहन’ पुराणकथा सांगावयाचे वचन देते आणि पाळते. जबलपूरनजीकच्या भेडाघाटी चित्रित झालेल्या ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) या चित्रपटाच्या नावात गंगा आणि पडद्यावर नर्मदा आहे. पण कथेच्या राज्यात एवढी मुभा कोणीही देईल. ‘फॉरेस्ट गंप’ (१९९४) या अमेरिकन चित्रपटाने तर १९६३ मध्ये दिवंगत झालेल्या केनेडींच्या जुन्या वृत्तचित्रात आपला नायक उभा केला आणि केनेडींच्या ओठांची हालचालही बदलली. तेथेही प्रेक्षक कल्पिताच्या दारातून आत आलेला असतो. आरतीची फीत मात्र ‘असे घडले’ अशी साक्ष देते. साक्षीत घातलेली एकही नाव ही खोटी साक्ष होय.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक संपादन हे असत्यच असते. तोडणे आणि जोडणे यांवाचून चित्रपट कोठला? आक्षेप वजनदार आहे. परंतु तोडणारा गाळतो आणि क्रम लावतो. एका चौकटीत दोन वस्तू ठेवणारा ‘या एकाच क्षणी एकत्र होत्या’ असे सांगतो. ज्या घटनेचे मर्मच दोन गोष्टींच्या सहास्तित्वात असते तेथे जोडकाम वर्ज्य समजावे, असे फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांचे म्हणणे होते. ते वाक्यांच्या क्रमासंबंधी नसून एकाच वाक्यातल्या कर्त्या-कर्मासंबंधी आहे, असे अनुवादकाच्या भाषेत म्हणता येईल.

मग प्रक्षेप वर्ज्यच करावयाचा काय? आपल्या परंपरेचे उत्तर अधिक सूक्ष्म आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, सभापर्वातील द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मूळ संहितेतून बाजूस काढला गेला. पण तो नष्ट झाला नाही, तळटीपेत राहिला. लोकांनी ज्यावर प्रेम केले ते राखावयाचे, पण ते कोठून आले हे सांगावयाचे, ही ती शिस्त.

विशेष असे की ही शिस्त सॉफ्टवेअरच्या अंगीच आहे. तेथे मूळ चित्र एका थरात, नवे दुसऱ्या थरात, छाया तिसऱ्यात, असे सारे निरनिराळे राहते. ती चालू कामाची फाईल म्हणजे एक चिकित्सक आवृत्तीच होय. शेवटी सर्व थर एकत्र आटवून जी फीत बाहेर पडते, ती मात्र तळटीपा पुसलेली पोथी असते. आणि जगात फिरते ती तीच. म्हणून अभिलेखागारांनी आणि कारागिरांनीही मूळ फीत अस्पर्श ठेवावी, थर जपावेत, आणि भर घातल्याचे फितीवरच नमूद करावे. उद्याच्या अभ्यासकाला ग्वारीघाट कसा होता हे पाहावयाचे असेल, तेव्हा आपण त्याच्या हाती पोथी देणार की संहिता, याचा निर्णय आजच होत आहे.