गाडीचा फोटो आणि गाडीवरचा माणूस

पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं. तिघाचौघांच्या गळ्यात कॅमेरे दिसतायत, म्हणजे आज सभेत विरोधी पक्षही आहे. चांगलं झालं.

संयोजकांनी मला विषय दिला होता छायाचित्रकलेचा. मी तो अरुंद करून घेतला आणि फक्त आगगाडीच्या फोटोंवर आणला. कारण साधं आहे. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली आणि तेव्हापासून जुन्या जालन्यातल्या प्रत्येक दुसऱ्या मोबाइलमध्ये त्या टोकदार तोंडाचा एक तरी फोटो सापडेल. ऑगस्ट २०२५मध्ये ती गाडी नांदेडपर्यंत गेली, पण फोटो काही थांबले नाहीत. आणि त्याच स्टेशनवर, त्याच फलाटाच्या टोकाला, रेल्वेचा माणूस आणि कॅमेऱ्याचा माणूस यांची तोंडातोंडी होताना मी बऱ्याचदा पाहिली आहे. “ए, किधर जारा? कॅमेरा बंद कर!” असं एकानं म्हणायचं, “तुझ्या बापाची गाडी आहे का?” असं दुसऱ्यानं. हा तंटा कशाचा आहे, आणि त्याची मुळं फोटोतच कशी आहेत, एवढंच मला सांगायचं आहे.

जरा मागे जातो. ७ जुलै १८९६ला मुंबईत, वॉटसन हॉटेलात, ल्युमिए बंधूंच्या माणसानं आपल्या देशातला पहिला चित्रपटाचा खेळ केला. त्या खेळात सहा छोटी चित्रं होती. एकात गाडी स्टेशनात येते, दुसऱ्यात कामगार कारखान्याच्या दारातून बाहेर पडतात. त्या संध्याकाळी गाडी एका फितीवर होती आणि कामगार दुसऱ्या फितीवर. मला वाटतं, तेव्हापासून ती दोन चित्रं आपण नीट जोडलेलीच नाहीत. गाडीच्या चित्रात गाडी, कामगाराच्या चित्रात कामगार.

आता छंदिष्टांच्या फोटोचं व्याकरण बघा. हा फोटो तिरक्या कोनातून घेतात, इंजिनाचं तोंड आणि मागची डब्यांची रांग दोन्ही यावीत म्हणून. ऊन इंजिनाच्या तोंडावर पाहिजे. इंजिनाचा नंबर वाचता आला पाहिजे, शेडचं नाव दिसलं पाहिजे. मध्ये खांब नको, झाड नको, आणि माणूस तर अजिबात नको. एखादा गँगमन फ्रेममध्ये आला तर पोरं हळहळतात, “शॉट खराब झाला.” मी हा शब्द स्वतः ऐकलाय. ज्या माणसानं त्या रुळाखालची गिट्टी सकाळी सारखी केली, त्याच्यामुळे शॉट खराब होतो!

नियम म्हणून हे वाईट नाही. प्रत्येक कलाप्रकाराला स्वतःची शिस्त असते, आणि या शिस्तीतून फार देखणे फोटो आलेत. माझी तक्रार वेगळी आहे. या फोटोत गाडी आपोआप चालते. एल्को इंजिनाचा काळा धूर घ्या. डिझेलच्या जमान्यात त्या धुराचे फोटो काढायला पोरं तास-तास उभी राहायची. फोटोत तो धूर ढगासारखा दिसतो. कॅबमध्ये बसलेल्याच्या तो नाकातोंडात जातो. फोटोतला धूर आणि छातीतला धूर एकच आहे, हे त्या फोटोला ठाऊकच नसतं. टीका करायची झाली तर मी इथे करीन.

आता रेल्वेवाल्याची बाजू. तो ओरडतो तेव्हा आपल्याला वाटतं, सरकारी माणसाचा माज आहे. कधी असतोही, नाही असं नाही. पण त्याच्या नजरेतून बघा. दिवसा गाडी थांबवण्याचा हाताचा इशारा काय असतो? लाल झेंडी. आणि झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्याच्या वर उंच करायचे. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत तो लिहिलेला आहे. आता तुम्ही गर्दीच्या डोक्यावरून व्हिडिओ घेण्यासाठी दोन्ही हातांत मोबाइल धरून कसे उभे राहता ते आठवा. (हशा) हसू नका, लोको पायलटला सेकंदभरात ठरवायचं असतं की हा माणूस गाडी थांबवतोय की रील बनवतोय. तीच गोष्ट रात्रीच्या फ्लॅशची. इंजिनावर लुकलुकणारा दिवा लागतो तो समोरून येणाऱ्या गाडीला धोका कळवायला. रुळाच्या कडेला अचानक चमकणारा उजेड त्या माणसासाठी निरर्थक नसतो, त्याला शिकवलंय की असा उजेड म्हणजे काहीतरी बिघडलंय.

हॉर्नचंही तसंच. फाटकाच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं, सीटी-फाटक. तिथे लांब सीटी द्यायची. लांब, आखूड, दोन आखूड, प्रत्येकीचा अर्थ ठरलेला. आणि आमची पोरं हात हलवून हॉर्न मागतात. वाजवला तर व्हिडिओवर बदामाची चित्रं पडतात. न वाजवणारा ड्रायव्हर खडूस ठरतो. तो बिचारा एक भाषा बोलतोय आणि आपण त्याला गाणं म्हणायला सांगतोय.

अजून एक गोष्ट, ही बाहेरच्यांना सहसा कळत नाही. कॅमेऱ्याची भीती. ड्युटीवरच्या लोको पायलटनं मोबाइल बंद ठेवायचा असतो. कॅबमध्ये आता आवाज आणि चित्र टिपणारी यंत्रणाही बसवतायत, सीव्हीव्हीआरएस म्हणतात तिला. म्हणजे आधीच साहेबाचा कॅमेरा डोक्यावर. त्यात बाहेरून तुमचा. तुम्ही हौसेनं टाकलेल्या पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत त्याचा हात खिडकीबाहेर दिसला, झेंडी दाखवायला पॉइंट्समन जरा उशिरा उठला, एवढ्यावरून एसएफ-११ हातात पडू शकतो. किरकोळ शिक्षेची नोटीस असते ती. मोठी असली तर एसएफ-५. रेल्वे कॉलनीत हे आकडे तापाच्या आकड्यांसारखे बोलले जातात. मग तो माणूस लेन्स पाहून तोंड फिरवतो, आणि आपण म्हणतो, काय माणूसघाणे लोक आहेत!

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. जपानात गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांना ‘तोरितेत्सु’ म्हणतात, आणि फलाटावर त्यांनी स्टेशनच्या कर्मचाऱ्यांवर आणि एकमेकांवर केलेल्या आरडाओरड्यालाही तिथे स्वतंत्र शब्द आहे, ‘बासेई तैकाई’, म्हणजे शिव्यांचं संमेलन. इंग्लंडात २५ फेब्रुवारी २०१६ला ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जुनं इंजिन दुरुस्तीनंतर लंडनहून यॉर्कला निघालं, तर लोक फोटोसाठी रुळांत शिरले आणि त्या इंजिनाला वाटेत थांबावं लागलं. ज्या इंजिनावर इतकं प्रेम, त्यालाच प्रेमिकांनी अडवलं.

आता मी जालन्यावर येतो, आणि इथे मला जरा सावकाश बोलू द्या.

८ मे २०२०. आपल्या जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर टाळेबंदीत घरी निघाले. रुळारुळानं चालत. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली आणि सोळा माणसं गेली. त्यानंतर देशभर जो फोटो फिरला तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या, चपला. त्या फोटोत गाडी नाही. रेल्वेच्या फोटोंचा इतिहास लिहिणाऱ्यानं तो फोटो वगळला तर मी तो इतिहास मानणार नाही. छंदिष्ट ज्या रुळांना ‘लोकेशन’ म्हणतात, त्याच रुळांचा तो फोटो आहे, आपल्याच मार्गावरचा.

पण त्या पहाटेची आणखी एक बाजू आहे, तिचा फोटो कुणाकडे नाही. रेल्वेनं त्या दिवशी सांगितलं होतं की रुळांवर माणसं दिसल्यावर लोको पायलटनं गाडी थांबवायचा प्रयत्न केला होता. लांबलचक जड गाडीला ब्रेक लावला तरी ती घसटत पुढे जातेच, स्टिअरिंग नसतं. कॅबमधल्या माणसाला फक्त बघावं लागतं. रेल्वेची माणसं त्याला ‘रनओव्हर’ म्हणतात, कोरडा शब्द आहे. डॉ. अनिल काकोडकर समितीनं २०१२मध्ये सांगितलं की रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. या प्रत्येक मरणाला काचेमागे एक साक्षीदार असतो. तेव्हा पुढच्या वेळी फलाटाच्या उतारापलीकडे गिट्टीवर पाय ठेवलात आणि कुणी आईबहिणीवरून शिवी दिली, तर शिवीच्या मागे काय आहे तेही ऐका. कायद्यात तर आहेच, रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण शिवी कलमातून येत नाही.

आता विरोधी पक्षाला न्याय देतो. आपला मनमाड ते काचीगुडा मीटरगेज मार्ग, १९००च्या सुमारास निजामाच्या रेल्वेनं घातलेला, नंतर ब्रॉडगेज झाला. ती छोटी गाडी, अजिंठा एक्स्प्रेस, वाफेची वायपी इंजिनं, यांचं जे काही चित्र आज आपल्याला बघायला मिळतं ते बहुतांशी हौशी लोकांनी काढलेलं आहे. रेल्वेनं स्वतः ते जपलंच नाही. त्या काळी परदेशी पाहुण्यांनाही इंजिनाच्या फोटोसाठी दिल्लीहून परवाना आणावा लागायचा, आणि स्टेशनमास्तरनं तो उलटसुलट करून बघायचा. १९८९मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय पोरांनी रेल्वेप्रेमींचं मंडळ काढलं, त्यातून केवढी माहिती जमा झाली! हे ऋण आहे. ‘फोटो काढणं मना आहे’ ही पाटी लावणाऱ्या खात्यानं ते कधी मान्य केलेलं नाही, ही माझी रेल्वेवरची टीका.

तरी मला त्या संग्रहात एक गोष्ट खटकते. आमच्या गल्लीत एक काका होते, कीमन. कीमन म्हणजे रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासणारा माणूस, खांद्यावर हातोडा, पाना, जवळ लाल झेंडी आणि फटाके. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “तुमच्या त्या कॉम्प्युटरवर आमच्या सेक्शनचे फोटो असतील ना?” मी शेकडो फोटो दाखवले. स्वतःचा कामावरचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता, ओळखपत्रावरचा सोडून. एका फोटोत कडेला कुणाचा तरी कोपर आणि हातोड्याचा दांडा होता. ते म्हणाले, “मी नाही हा. ह्यो डावरा दिसायलाय.” मग चष्मा पुढे सरकवून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं इंजिन बघतायत. म्हणाले, “इथं गिट्टी कमी पडली होती बघ.”

याच्या उलट करणारा एक माणूस झाला, अमेरिकेतला विन्स्टन लिंक. १९५५ ते १९६० त्यानं नॉरफोक अँड वेस्टर्न या कंपनीच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांचे रात्रीचे फोटो काढले. कंपनीची परवानगी घेऊन, कामगारांशी ओळख करून, ढीगभर फ्लॅशबल्ब एकदम पेटवून. त्याच्या फोटोत दिवेवाला आहे, स्टेशनमास्तर आहे, रुळाशेजारी राहणारी कुटुंबं आहेत. कुणी म्हणेल, हे सगळं मांडलेलं आहे, नाटकी आहे. आहेच. पण मांडायचं तर आधी माणसाला विचारावं लागतं, तू इथे उभा राहतोस का म्हणून. आपल्या मोबाइलच्या फोटोत हा प्रश्नच विचारला जात नाही.

मागून चिठ्ठी आली आहे: “मग फोटो काढायचेच नाहीत का?” काढा की. फलाटावरून काढा, उताराच्या अलीकडून. वर आता २५,००० व्होल्टची तार आहे, उभ्या डब्यावर चढू नका, या मार्गावर पूर्वी वर काही नसायचं ही सवय डोक्यातून काढा. फ्लॅश बंद ठेवा. ड्युटीवर जो असेल त्याला आधी सांगा. आणि दुसरी चिठ्ठी आहे, कुणा मुलीची असावी अक्षरावरून: “फोटोखाली इंजिनाचा नंबर लिहितो तसं ड्रायव्हरचं नाव लिहावं का?” सुचलं मलाही होतं. एका लोको पायलटला मी हेच विचारलं. तो म्हणाला, “सर, नाव नका लिहू. साहेब विचारतील, कुणाला पोज दिली.”