'अपव्यय' कोणाचा? : ताईइची ओनो आणि सातोशी कामाता यांच्या ग्रंथांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

कारखान्यातील कामगार-प्रशिक्षण हा विषय आपल्याकडे वाणिज्य, व्यवस्थापन अथवा अभियांत्रिकी या विद्याशाखांकडे सोपविलेला असतो. भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या उत्पादनपद्धतीला आज जगभर 'लीन' असे संबोधिले जाते, ती कामगारापर्यंत प्रथम पोहोचते ती शब्दांच्या रूपानेच. भिंतीवरील तक्ता, प्रशिक्षकाचे निवेदन, प्रमाणित कामाचा कागद ही सारी भाषिक रूपे होत. या भाषेत कामगाराला कोणते स्थान दिले आहे, हे तपासणे प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन ग्रंथ निवडले आहेत. पहिला, टोयोटा उत्पादनपद्धतीचे शिल्पकार ताईइची ओनो (1912–1990) यांचा 1978 साली जपानीत आणि 1988 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला 'टोयोटा प्रॉडक्शन सिस्टिम' हा ग्रंथ. दुसरा, मुक्त पत्रकार सातोशी कामाता यांची दैनंदिनी. कामाता यांनी 1972 च्या सप्टेंबरपासून सुमारे सहा महिने टोयोटाच्या कारखान्यात हंगामी कामगार म्हणून काम केले. त्यावर आधारित त्यांचे पुस्तक जपानीत 1973 साली निघाले; त्याच्या शीर्षकाचा आशय 'निराशेचा मोटार कारखाना' असा आहे. 1982 साली ते 'जपान इन द पासिंग लेन' या नावाने इंग्रजीत आले.

योगायोग असा की, 1973 च्या तेलसंकटानंतर जपानी उद्योगजगताचे लक्ष टोयोटाच्या पद्धतीकडे वेधले गेले, असे स्वतः ओनो सांगतात. म्हणजे ज्या वर्षी ही पद्धत अनुकरणीय ठरू लागली, त्याच वर्षी तिच्याविषयीची एका कामगाराची साक्षही छापून आली होती. 'लीन' हे नाव मात्र पुढचे आहे. जॉन क्रॅफसिक यांनी 1988 च्या एका लेखात ते वापरले आणि 1990 सालच्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या पुस्तकाने ते सर्वत्र नेले. या नामांतरात कामाता यांची साक्ष मागे पडली, असे म्हणावे लागते.

'मुदा' या शब्दाची अडचण

ओनो यांच्या विवेचनाचा कणा 'मुदा' हा शब्द आहे. त्यांनी मुदाचे सात प्रकार सांगितले. मराठीत ते असे मांडता येतील : गरजेपेक्षा अधिक उत्पादन, खोळंबा, मालाची ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हेलपाटे अथवा निरर्थक हालचाल आणि सदोष माल. यांपैकी गरजेपेक्षा अधिक उत्पादन हा त्यांच्या मते सर्वांत घातक प्रकार, कारण तो उरलेल्या सहांना पोटात घेतो. प्रशिक्षण-पुस्तिकांतून मुदाचे भाषांतर बहुधा 'अपव्यय' असे केले जाते. हे भाषांतर निरुपद्रवी नाही. 'अपव्यय' या शब्दात 'व्यय' आहे, आणि व्यय म्हटला की तो करणारा, ज्याच्या गाठीचे जाते असा कोणीतरी गृहीत धरलेला असतो. 'वाया जाणे' या मराठी क्रियापदात तसा धनी नसतो. पाणी वाया जाते, अन्न वाया जाते, आयुष्यही वाया जाते. जपानी 'मुदा' हा बोलीतला साधा शब्द व्यर्थपणा सुचवितो. तो या दुसऱ्या प्रकाराच्या अधिक जवळचा आहे. 'अपव्यय' म्हणताच तो हिशेबाच्या वहीत जाऊन बसतो आणि वही कोणाची, हे विचारायचे राहून जाते.

'खोळंबा' या एकाच प्रकाराकडे पाहिले तरी मुद्दा ध्यानात येतो. सुटा भाग येईपर्यंत उभा असलेला कामगार ओनो यांच्या दृष्टीने मुदा आहे. कामाता यांच्या दैनंदिनीत साखळी-पट्टा थांबण्याचे क्षण येतात तेव्हा ते श्वास घेण्याचे क्षण असतात. व्यवस्थापनाचा खोळंबा तो कामगाराचा विसावा, हा भेद मराठीला नवा नाही. आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्दच आहेत. तक्त्यावर मात्र एकच लिहिला जातो.

टोयोटाच्या परिभाषेत 'मुदा'च्या जोडीला 'मुरा' म्हणजे असमानता आणि 'मुरी' म्हणजे अतिभार हेही शब्द आहेत. अतिभार यंत्रावरचा तसाच माणसावरचाही. प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात आलेल्या प्रशिक्षण-साहित्यात सात मुदा क्रमवार पाठ करून घेतलेले आढळतात, 'मुरी'ला मात्र क्वचितच अर्धे पान मिळते. तिन्ही शब्दांपैकी कामगाराला स्वतःच्या वतीने उच्चारता येईल असा हाच एक शब्द आहे.

ओनो यांचे गद्य : शिक्षकाचे आणि मालकाचे

ओनो यांचा ग्रंथ वाचनीय आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. व्यवस्थापनावरील पुस्तकांत सहसा न आढळणारा साधेपणा त्यांच्याकडे आहे. दृष्टान्त देण्याची त्यांची हातोटी चांगल्या शिक्षकाची आहे. पोहण्याच्या रिले शर्यतीत आधीच्याने भिंतीला स्पर्श केल्यावाचून पुढचा उडी मारू शकत नाही. धावण्याच्या शर्यतीत मात्र बॅटन देण्याघेण्याचा एक पट्टा असतो आणि तेथे वेगवान धावपटू मंद धावपटूला सांभाळून घेऊ शकतो. कामगारांनी एकमेकांस असे सांभाळावे, ही त्यांची अपेक्षा. दोष उत्पन्न होताच काम थांबले पाहिजे, हे तत्त्व ते साकिची तोयोदा यांच्या, धागा तुटताच आपोआप थांबणाऱ्या मागापर्यंत नेऊन भिडवितात. साखळी-पट्टा थांबविण्याचा अधिकार साध्या कामगाराच्या हाती देणे ही औद्योगिक इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

त्यांचे 'पाच वेळा का' हे उदाहरण तर जगभरच्या वर्गांतून शिकविले जाते. यंत्र का थांबले? अतिभाराने फ्यूज उडाला म्हणून. अतिभार का? बेअरिंगला पुरेसे वंगण नव्हते. ते का नव्हते? पंप नीट ओढत नव्हता. तो का? त्याचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. या साखळीचे सौंदर्य असे की, तिच्यात कोणाही कामगारावर ठपका येत नाही. 'हलगर्जीपणा' हे आपल्या कार्यालयांचे आवडते उत्तर ओनो कोठेही स्वीकारीत नाहीत. परंतु ही साखळी गाळणीपाशी थांबते. पट्ट्याचा वेग एवढाच का, माणसे एवढीच का, हे 'का' ग्रंथभर कोठेही पाच वेळा विचारले जात नाही. ते प्रश्न कामाता विचारतात.

ग्रंथातील सर्वांत अर्थपूर्ण ताण प्रशिक्षणाच्या संदर्भातच दिसून येतो. एकीकडे ओनो बहुकुशल कामगाराचा पुरस्कार करतात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका कामगाराकडे तीन-चार यंत्रे सोपविण्याचा प्रयोग केला, तेव्हा जुन्या कारागिरांनी तीव्र विरोध केला, हे ते मोकळेपणाने सांगतात. दुसरीकडे, योग्य कार्यपद्धती नव्या कामगाराला शिकविण्यास तीन दिवस पुरेसे असावेत, असेही ते लिहितात. तीन दिवसांत येणारे काम आणि बहुकौशल्य या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात? त्याचे उत्तर असे दिसते की, येथे कौशल्य माणसाकडून काढून कामाच्या कागदावर आणले गेले आहे. हॅरी ब्रेव्हरमन यांनी 1974 साली श्रमाच्या अवमूल्यनाविषयी केलेली मांडणी येथे आठवते. तथापि ती जशीच्या तशी लागू होत नाही. तो कागद कामाच्या जागेवरील माणसांनीच लिहावा आणि तो सतत बदलत राहावा, असा ओनो यांचा आग्रह आहे. टेलरच्या कार्यालयात बसून प्रमाण ठरविणाऱ्या तज्ज्ञाला त्यांनी बाहेर काढले. कारागिराला मात्र परत आणले नाही.

या प्रशिक्षणाचे मूळ जपानी नाही, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम 1940 ते 1945 या काळात राबविला. युद्धोत्तर काळात तो जपानमध्ये गेला आणि 1950 च्या दशकाच्या आरंभी टोयोटाने स्वीकारला. शिकणाऱ्याची तयारी, कामाचे सादरीकरण, त्याच्याकडून करवून घेणे आणि पाठपुरावा ही त्यातील चतुष्पदी. आपल्या अध्यापक विद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या घोकलेल्या हर्बार्टच्या पंचपदीशी तिचे साम्य कोणाही बी.एड्. झालेल्या वाचकास जाणवेल. फरक एवढाच की, पंचपदीत शेवटी सामान्यीकरण आणि उपयोजन येते; विद्यार्थी विशिष्टाकडून नियमाकडे जातो. कारखान्याच्या चतुष्पदीत नियम आधीच तयार असतो. तरीही विद्यार्थी शिकला नसेल तर दोष शिकविणाऱ्याचा, हे त्या कार्यक्रमाचे सूत्र आपण वर्गात किती पाळतो, हा वेगळा विषय आहे.

कामाता यांची दैनंदिनी

कामाता उत्तरेकडील आओमोरी प्रांतातले. पत्रकार असल्याचे न सांगता ते भरती झाले आणि गिअरपेटी जोडणीच्या पट्ट्यावर उभे राहिले. त्यांच्या लेखनाचा प्रकार दैनंदिनीचा असणे महत्त्वाचे आहे. ओनो यांचा ग्रंथ दशकांच्या मापाने बोलतो, कामाता दिवसाच्या आणि पाळीच्या मापाने. त्यामुळे एकाच घटनेला दोन काळ प्राप्त होतात. उत्पादनाचे उद्दिष्ट वाढले, हे ओनो यांच्याकडे आकृतीतील रेघ असते. कामाता यांच्याकडे ते उशिरा सुटलेली पाळी आणि दुखणारी बोटे असते. करार पूर्ण होण्याआधीच निघून जाणारे सहकारी, वसतिगृहातील एकाकीपणा, अपघातांच्या बातम्या हे सारे ते फारसा आक्रोश न करता नोंदवितात. वाक्ये तुटक आहेत. थकलेल्या माणसाने रात्री लिहिल्यासारखी ती वाटतात आणि तीच त्यांची ताकद आहे.

या साक्षीला मर्यादा आहेत. सहा महिन्यांचा हंगामी कामगार कायम कामगाराचे जग आतून पाहू शकत नाही. सुधारणा सुचविणारी मंडळे, बढती, घरकर्ज, आयुष्यभराची नोकरी हे सर्व त्याच्या कक्षेबाहेर राहते. इंग्रजी आवृत्तीस रोनाल्ड डोर या समाजशास्त्रज्ञांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे आणि ती कामाता यांची बाजू सरसकट उचलून धरीत नाही. लेखकाशी वाद घालणारी प्रस्तावना त्याच्याच पुस्तकाला जोडलेली असावी, हा प्रकार आपल्या प्रकाशनव्यवहारात दुर्मिळच!

परंतु ओनो यांचे तीन दिवस नेमके कोणासाठी होते, हे कामाता यांच्यामुळेच कळते. ज्याला तीन दिवसांत घेता येते त्याला सहा महिन्यांनी सोडताही येते.

शिकण्याचा वेळ

याउलट उदाहरणही नोंदविले पाहिजे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे 1984 साली टोयोटा व जनरल मोटर्स यांनी 'नुमी' हा संयुक्त कारखाना सुरू केला. तो 2010 पर्यंत चालला. जनरल मोटर्सच्या बंद पडलेल्या कारखान्यातील जुने, संघटित कामगारच तेथे घेण्यात आले आणि अनेकांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठविण्यात आले. संघटनेबरोबरच्या करारात नोकरीची हमी होती आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मागणी घटली तेव्हा कामगारांना घरी न पाठविता प्रशिक्षणात गुंतविण्यात आले. माइक पार्कर व जेन स्लॉटर यांनी 1988 मध्ये याच पद्धतीला 'ताणाद्वारे व्यवस्थापन' असे म्हटले होते आणि त्यांची टीका दुर्लक्षिण्यासारखी नाही. तरीही नोकरीची शाश्वती असताना सुचविलेली सुधारणा आणि ती नसताना सुचविलेली सुधारणा यांत गुणात्मक अंतर आहे. दुसऱ्या स्थितीत कामगार आपल्याच शेजाऱ्याची जागा 'मुदा' म्हणून दाखवून देत असतो.

आपल्याकडे या चर्चेचा संबंध दूरचा नाही. किर्लोस्कर समूहाच्या भागीदारीत 1997 साली स्थापन झालेल्या टोयोटाच्या कर्नाटकातील बिडदी येथील कारखान्यात 2006, 2014 आणि 2020 साली संप अथवा टाळेबंदी झाली; 2020 च्या तंट्यात कामाचा ताण हा कामगारांच्या तक्रारींचा एक विषय होता. केंद्र शासनाने लघुउद्योगांसाठी 2009 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि मार्च 2023 मध्ये नव्या रूपात 'लीन' योजना आणली. आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांतून पदवी घेतलेली मुले औद्योगिक वसाहतींत 'प्रशिक्षणार्थी' या नावाने पट्ट्यावर उभी राहतात तेव्हा ती शिकत असतात की काम करीत असतात, हे वेतनचिठ्ठीवरून ठरते आणि तिच्यावर बहुधा 'विद्यावेतन' असे लिहिलेले असते.

या प्रश्नाचा एक निवाडा जपानमध्येच झाला आहे. टोयोटाच्या एका तीस वर्षीय कर्मचाऱ्याचा 2002 साली कामावर असताना मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने दाद मागितली आणि 2007 च्या नोव्हेंबरात नागोया जिल्हा न्यायालयाने तो अतिश्रमाने झालेला मृत्यू असल्याचे मान्य केले. मृत्यूपूर्वीच्या महिन्यात 106 तासांहून अधिक जादा काम झाल्याचे न्यायालयाने धरले. त्या तासांत गुणवत्ता-मंडळाच्या बैठका आणि सुधारणा सुचविण्याचे काम यांचाही समावेश होता. हे काम स्वेच्छेचे, स्वयंविकासाचे असते, असे तोवर मानले जात असे. 2008 साली टोयोटाने अशा मंडळांच्या वेळेचे जादा वेतन देण्याचे जाहीर केले. ओनो यांच्या सात मुदांच्या यादीत या वेळेसाठी रकाना नव्हता. पुढे इतरांनी 'कामगाराच्या प्रतिभेचा वापर न होणे' हा आठवा प्रकार जोडला, पण त्यातही वापर करणारा दुसराच कोणी आहे.