बिल्ड स्क्रिप्टमधील पुनरावृत्ती : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
सोलापुरी चादरीची नक्षी पारंपरिक जेकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या साखळीतून उतरते. बाण्याच्या एका धाग्यासाठी साधारणतः एक कार्ड असते व ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे हे ते कार्ड ठरविते. मात्र चादरीच्या रुंदीत एकच फूल अनेक वेळा यावयाचे असल्यास ते कार्डावर तितक्या वेळा छेदावे लागत नाही. जेकार्डच्या एका हुकाला अनेक दोऱ्या बांधल्या की तेच फूल रुंदीभर उमटते. कार्डांची साखळी वर्तुळाकार जोडलेली असल्याने लांबीच्या दिशेनेही तीच नक्षी पुन्हा येते. म्हणजेच पुनरावृत्ती कापडात राहते, सूचनेत राहत नाही. संगणकीय प्रणालीच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये हाच भेद वारंवार विसरला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची व त्यावरील प्रमुख साधनांची चिकित्सा केली आहे.

पुनरावृत्तीचे स्वरूप :
मोठा प्रोग्राम अनेक फायलींत लिहिलेला असतो. त्या कंपाइल करणे, परस्परांशी जोडणे, चाचण्या घेणे व वितरणयोग्य संच तयार करणे या पायऱ्यांची लेखी आज्ञावली म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट होय. समजा, वीस फायलींसाठी वीस नियम लिहिले आणि प्रत्येकात कंपायलरचे तेच पर्याय उतरविले. पुढे एखादा पर्याय बदलताना एकोणीस ठिकाणी दुरुस्ती झाली व एक ठिकाण राहून गेले, तर प्रोग्राम कदाचित तयार होईल. परंतु त्याचा एक भाग वेगळ्या पर्यायांनी बनलेला असेल. असा दोष बहुधा दुसऱ्याच यंत्रावर प्रकट होतो व त्याचे मूळ शोधणे कठीण जाते. म्हणून हा प्रश्न लेखनाच्या श्रमाचा नसून विश्वासार्हतेचा आहे.

अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मध्ये ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या ग्रंथात पुनरुक्ती टाळण्याचे तत्त्व मांडले. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी हे तत्त्व ज्ञानाच्या पुनरुक्तीविषयी आहे, केवळ सारख्या दिसणाऱ्या ओळींविषयी नाही, असे स्पष्ट केले. पुढील विवेचनात हाच निकष स्वीकारला आहे.

साधनांची चिकित्सा :
स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे साधन निर्माण केले. त्यातील चल व सामान्य नियम यांमुळे वीस नियमांचे काम एका नियमात होऊ शकते. मात्र त्यासाठी वापरली जाणारी ‘$@’, ‘$<’ यांसारखी चिन्हे नवशिक्यास दुर्बोध वाटतात. याहून गंभीर दोष वापराच्या रूढ पद्धतीत होता. प्रत्येक उपफोल्डरला स्वतंत्र मेकफाइल देऊन ती वेगळी चालविण्याच्या प्रथेवर पीटर मिलर यांनी १९९८ च्या निबंधात टीका केली. अशा विभागणीत कोणत्याही एका मेकफाइलला परस्परावलंबनाचे पूर्ण चित्र दिसत नाही. परिणामी आवश्यक ते बांधले जात नाही किंवा अनावश्यक ते पुन्हा बांधले जाते.

२००० मध्ये स्वतंत्रपणे प्रसृत झालेल्या ‘अँट’मध्ये एक्सएमएलचा अवलंब झाला. आरंभी समान पायऱ्या एकत्र करण्यासाठी ‘अँटकॉल’चा आधार घेतला जाई. त्यामुळे मजकूर कमी होई. पण बोलाविलेल्या लक्ष्यावर अवलंबून असलेली कामे प्रत्येक वेळी नव्याने चालत. ही जेकार्डच्या नेमकी उलट अवस्था होय : सूचना एकदाच लिहिलेली, परंतु नको असलेले काम अनेकदा घडणारे. डिसेंबर २००३ मधील १.६ आवृत्तीत ‘मॅक्रोडेफ’ व ‘इम्पोर्ट’ आल्यानंतर ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली.

‘मेव्हन’ने निराळा मार्ग धरला. फायलींच्या जागा व कामांचा क्रम संकेताने ठरवून दिल्यामुळे ते लिहिण्याचे कारणच उरले नाही. उरलेले सामायिक तपशील मूळ प्रकल्पफाइलकडून वारशाने मिळतात. येथे पुनरावृत्ती सर्वाधिक घटते, हे मान्य करावे लागेल. परंतु प्रत्यक्षात कोणता तपशील लागू झाला, हे समोरच्या फाइलवरून कळत नाही. त्यासाठी सर्व वारसा एकत्र करून दाखविणारी स्वतंत्र आज्ञा चालवावी लागते. अदृश्य झालेले ज्ञान हे एकत्रित ज्ञान असले, तरी वाचकाच्या दृष्टीने ते हरविलेलेच असते.

एकत्रीकरणाच्या मर्यादा :
आज अनेक प्रकल्प यामल स्वरूपातील सामायिक साचे वापरतात. साच्यातील एक बदल सर्व प्रकल्पांना लागू होतो, हे त्याचे बळ आहे आणि हीच त्याची जोखीमही आहे. साच्याची निश्चित आवृत्ती नोंदविली नसल्यास, स्वतःच्या प्रकल्पात एकही अक्षर न बदलता बांधणी बिघडू शकते. शिवाय दोन नियम आज योगायोगाने सारखे असतील आणि उद्या भिन्न कारणांनी बदलणार असतील, तर त्यांना एकत्र आणल्याने अटी व अपवादांची भर पडते. अशा ठिकाणी चार ओळींची पुनरुक्ती अधिक प्रामाणिक ठरते.

निष्कर्ष :
पुनरावृत्ती कमी झाली की बिल्ड स्क्रिप्ट सुधारली, हे समीकरण अपुरे आहे. दोन ठिकाणे एकाच कारणाने बदलणार असतील तरच ती एक करावीत; एक केल्यानंतर तीच कामे अकारण पुन्हा चालत नाहीत ना, हे तपासावे; आणि एकत्रित केलेला तपशील कोठे आहे, हे वाचकास सहज सापडावे. महाविद्यालयीन प्रकल्पांच्या मूल्यमापनात याची सोपी कसोटी घेता येईल. विद्यार्थ्यास कंपायलरचा एक पर्याय बदलण्यास सांगावे व त्याला किती ठिकाणी हात लावावा लागला, हे मोजावे. त्यानंतर तीच स्क्रिप्ट दुसऱ्या विद्यार्थ्याकडून समजावून घ्यावी. पहिल्या कसोटीत स्क्रिप्टची काटकसर दिसेल, तर दुसरीत तिची सुबोधता. या दोहोंना उतरणारी स्क्रिप्टच तिचा कर्ता महाविद्यालय सोडून गेल्यावरही उपयोगी राहील.