सिंधूचा जबाब : 'एकच प्याला'च्या शेवटाविषयी

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यानंतर महिन्याभरातच बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक रडले, ते लेखकाला पाहता आले नाही. पण नाटक पाहणे वेगळे आणि वाचणे वेगळे. पुस्तकात गाणे कानावर पडत नाही, समोर उरतात फक्त शब्द. म्हणून वाचक रडण्याऐवजी अडतो. आमच्या दवनीवाड्याच्या बाजूला हे नाटक वाचलेल्यांशी बोलताना एकच प्रश्न पुढे येतो : नवऱ्याच्या मारामुळे मरणाच्या दारात असताना सिंधू पोलिसांपुढे त्याला वाचवणारा जबाब का देते?

याचे ठरीव उत्तर असे, की सिंधू पतिव्रता आहे आणि गडकरी जुन्या वळणाचे. हे उत्तर मला अपुरे वाटते. नवऱ्याला तोंडावर सुनावणारी बाई गडकऱ्यांना लिहिता येत होती. तळीरामाची बायको गीता त्याच नाटकात आहे. सिंधूला गीतेसारखे बोलू द्यायचे नाही, हे लेखकाने जाणून ठरवले आहे.

त्या काळी लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम ३२ इथे आठवावे. मरण पावलेल्या व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी सांगितलेले त्या कलमान्वये पुराव्यात ग्राह्य धरले जाई. मरणारा माणूस खोटे बोलत नाही, ही त्यामागची जुनी धारणा. सिंधूचे बोलणे नेमके याच धारणेला तडा देते. संसार मोडला, मूल गेले, जीव चालला, तरी कागदावर कुणीच दोषी नाही.

आणि हे ज्याच्या समोर घडते तो सुधाकर वकील आहे. दारूपायी त्याची सनद गेली, पण असल्या जबाबाचे वजन त्याच्याइतके त्या खोलीत कुणाला कळणार? कायद्याने आपल्याला धरावे, ही वाटच बायकोने बंद केल्यावर न्याय करायला तो स्वतःच उरतो. शेवटी तो विष कालवलेला प्याला पितो. अनेकांना हा शेवट भडक वाटतो. माझ्या मते तो पश्चात्तापापेक्षा निकालाच्या जवळ जातो. ज्या प्याल्याने गुन्हा घडवला, त्याच प्याल्याने शिक्षा.

तरीही वाचकाचा राग शमत नाही, आणि तो शमू नये. सुधाकरने स्वतःला शिक्षा केली म्हणून सिंधूचे खोटे खरे होत नाही. खरे काय घडले ते आता फक्त वाचकाला ठाऊक असते. गडकऱ्यांनी त्याला साक्षीदार करून ठेवले आहे, आणि साक्षीदाराला स्वस्थ झोप लागत नाही.

हा जबाब नाटकातच राहिला असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. अंगावर वळ घेऊन दवाखान्यात आलेली बाई आजही 'पाय घसरला' म्हणते. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, तरी हे दोन शब्द गेलेले नाहीत. घरी परतायचे असते, लेकरे असतात, माहेर लांब असते. सिंधूने तर माहेरची मदत आधीच नाकारलेली होती.

पण आमच्या शेजारच्या जिल्ह्यांनी दुसरे चित्रही दाखवले. १९९३ साली गडचिरोलीत आणि २०१५ साली चंद्रपुरात दारूबंदी झाली. चंद्रपूरची २०२१ साली उठली. बंदीने किती साधले यावर वाद होऊ शकतो. तिच्या मागणीसाठी मात्र बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या, हे विसरता येत नाही. एकटीला जबाबात जे सांगता येत नाही, ते तिने मोर्चात दहाजणींबरोबर ओरडून सांगितले.

सिंधूजवळ गीता होती, पण मोर्चा नव्हता. म्हणून 'ती खोटे का बोलली' या प्रश्नापाशी न थांबता पुढचा प्रश्न विचारावा लागतो : खरे बोलून ती राहिली कुठे असती? नाटकात याचे उत्तर नाही. ते शोधणे वाचकाच्या वाट्याला आले आहे.