श्रद्धा, विश्वास आणि भावार्थ

शब्दाची पारख कोशातील अर्थापेक्षा त्याला जोडून येणाऱ्या क्रियापदांवरून अधिक नेमकी होते. मराठीत श्रद्धा ‘असते’ वा ‘जडते’. विश्वास कुणावर तरी ‘ठेवावा’ लागतो, आणि तो ‘उडतो’ही. म्हणूनच ‘विश्वासघात’ हा शब्द भाषेत रुजला. ‘श्रद्धाघात’ घडविण्याची गरज तिला भासली नाही. श्रद्धा एकट्यालाही जपता येते. विश्वासाला दुसरा कुणी लागतो.

फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणात या आशयासाठी ‘भावार्थ’ हा शब्द येतो. कोकणी ख्रिस्ती समाजात तो आजही जिवंत आहे. मराठीत मात्र त्याचा ‘मथितार्थ’ तेवढा उरला. पुढे मराठी बायबलने ‘विश्वास’ स्वीकारला. नव्या करारातील मूळ ग्रीक ‘पिस्तिस’ या शब्दात भरवसा आणि निष्ठा हे दोन्ही अर्थ असल्याने ही निवड सार्थ वाटते. तरीही आपल्या लेखनात ‘श्रद्धा’ अधिक भारदस्त मानली जाते.

या भारदस्तपणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिंदीत ‘अंधविश्वास’ म्हणतात. मराठीने आंधळेपण श्रद्धेच्या पदरी बांधले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना बांधून मारहाण झाली. तेथे जादूटोण्यावरची श्रद्धा कमी पडली नव्हती. शेजाऱ्यावरचा विश्वास संपला होता. या दोन शब्दांतील भेद म्हणजे निव्वळ शब्दच्छल नव्हे.

याच जिल्ह्यातील आमच्या सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते. गांधीजींना प्रिय असलेल्या खादीचा व्यवहारच विश्वासावर चालतो: कातणाऱ्याच्या सुतावर विणकराने विसंबावे, विणकराच्या हातावर नेसणाऱ्याने. येथे विश्वास ही केवळ मनातील भावना राहत नाही. तिला दुसऱ्याच्या कष्टांची किंमत ठाऊक असते.

आपली ती श्रद्धा आणि इतरांची ती अंधश्रद्धा, ही वाटणी आपल्याला सोयीची आहे. ‘विश्वास’ हा शब्द ती सोय ठेवत नाही. रविवारी मंदिरात आपण ‘मी विश्वास ठेवतो’ असे म्हणतो, तेव्हा गावातील माणसे आपल्यावर विश्वास ठेवू शकतात काय, हा प्रश्न त्या वाक्यातच दडलेला असतो. त्याचे उत्तर देता आले, तर ‘भावार्थ’ हा जुना शब्दही आपल्याला पुन्हा कळू लागेल.