मृगया, मृगवन आणि मोजदाद

शिकारीविषयींच्या आपल्या वाङ्मयाचा एक दोष असा कीं, त्यांत हरीण नेहमीं एकटें असतें. कवीला तें डोळ्यांसाठीं हवें असतें, शिकाऱ्याला शिंगांसाठीं; कळप मात्र दोघांनाही दिसत नाहीं. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकांत दुष्यंत ज्या मृगाचा पाठलाग करतो, तो आश्रमाचा आहे हें कळतांच बाण परत भात्यांत जातो. 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गांत हरिणी आपल्या सहचराच्या आड उभी राहिलेली पाहून दशरथाचा ओढलेला हात सैल पडतो. दोन्ही प्रसंग रम्य आहेत. करुणेचें याहून नाजूक चित्र आमच्या वाचनांत नाहीं. परंतु त्या आश्रमांत एकंदर हरणें किती होतीं आणि ऋषींच्या धान्याचें त्यांनीं काय केलें, हा प्रश्न कालिदासास पडण्याचें कारण नव्हतें. अरण्य अफाट होतें, आणि वाघ आपलें काम मुकाट्यानें करीत होता.

एरवीं ही केवळ पंडितांची चर्चा राहिली असती. परंतु कुपवाडच्या कारखान्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावणाऱ्या आम्हां लोकांस ज्या अरण्याचा अभिमान वाटतो, तें सागरेश्वर माणसानें केलेलें अरण्य आहे. देवराष्ट्र्याजवळच्या उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या खटपटीनें झाडी उभी राहिली, हरणें आणून सोडलीं गेलीं, भोवतीं कुंपण आलें, आणि १९८५ सालीं तें अभयारण्य म्हणून जाहीर झालें. क्षेत्र पुरतें अकरा चौरस किलोमीटरही नाहीं. चितळ, सांबर, काळवीट तेथें रुजले व वाढले. त्यांना खाणारें मोठें श्वापद मात्र कोणी आणून सोडलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. पण खालीं ताकारी योजनेचें पाणी आलें आहे, ऊस व द्राक्षें उभीं आहेत. उन्हाळ्यांत वर गवत करपतें, कुंपण कोठें तरी मोडलेलें असतें, आणि रात्रींतून कळप शेतांत उतरतो. सकाळीं बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास दुष्यंताची करुणा ऐकविणें हा शुद्ध निर्दयपणा होय.

अशा वेळीं कौटिल्याकडे वळलें म्हणजे हवाच बदलते. श्यामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ आपल्याकडे राजनीतीसाठीं वाचला जातो. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील वनासंबंधींचीं प्रकरणें वाचणारे थोडे. तेथें राजाच्या विहारासाठीं एकच द्वार असलेलें, खंदकानें वेढलेलें मृगवन सांगितलें आहे. वाघ तेथेंही आहेत, पण नखें व दांत काढलेले. राजांच्या खाजगी शिकारखान्याचें याहून नेमकें वर्णन, आणि अजाणतां झालेली याहून बोचरी थट्टा, आम्हांस ठाऊक नाहीं. त्याच्याच शेजारीं दुसरें एक वन आहे, जेथें सर्व प्राणी पाहुण्यासारखे राहतात. पुढें सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत, म्हणजे कत्तलखान्यावरील अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत, तीन नियम येतात. पकडलेल्या जिवंत पशुपक्ष्यांपैकीं सहावा भाग अभयवनांत सोडावा. वासरूं, वळू आणि दुभती मादी यांना मारूं नये. आणि अभयवनांतील जनावर उपद्रवी झालें, तर त्याला तेथें नव्हे, रक्षित जागेच्या बाहेर नेऊन धरावें किंवा मारावें.

या तिसऱ्या नियमावर आम्ही बराच वेळ थबकलों. अभयाचें वचन मोडूं नये, आणि पिकाचाही नाश होऊं देऊं नये, अशा दोन गोष्टी एका वाक्यांत बसविणारा हा मनुष्य रुक्ष खरा. पण त्यानें कळप पाहिला होता, त्यांतील वय पाहिलें होतें, मादी व नर निराळे मोजले होते.

नंतरच्या दरबारी शिकारींत हें ज्ञान हरपलें. कोल्हापूरच्या संस्थानांत चित्ते पाळून काळविटांवर सोडीत. दाजीपूरचें रान महाराजांच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें, आणि त्यामुळेंच तें वांचलें हें कबूल केलें पाहिजे. (१९५८ सालीं त्याचें अभयारण्य झालें.) परंतु शिकाऱ्याची नजर बहुधा काळ्याभोर, पूर्ण वाढीच्या नरावर. असा नर मारल्यानें दिवाणखान्याची भिंत सजते, कळप मात्र घटत नाहीं; कारण एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. समजा, शंभर हरणांत साठ माद्या आहेत. चाळिसांपैकीं तीस नर मारले, तरी पुढच्या वर्षीं साठही माद्यांना पाडस होण्यास अडचण नाहीं. चितळाच्या मादीला तर ठराविक ऋतूचेंही बंधन नाहीं.

हें गणित ज्यानें शास्त्राच्या पदवीस नेलें, तो आल्डो लिओपोल्ड अमेरिकेचा. त्याचें 'गेम मॅनेजमेंट' १९३३ सालचें; 'अ सँड काउंटी अल्मनॅक' मृत्यूनंतर १९४९ सालीं निघालें. पहिलें पुस्तक शेतीच्या हिशेबासारखें आहे, दुसऱ्यांत तोच हिशेब साहित्य झाला आहे. डोंगरासारखा विचार करण्यावरील निबंधांत तो लांडगी मारल्याचें सांगतो, आणि लांडगे संपल्यावर हरणांनीं डोंगर कसा ओरबाडला तेंही. निबंध उत्कृष्ट आहे. तथापि, ज्या कायबाब पठाराच्या उदाहरणावर लिओपोल्डनें एवढा भार दिला, तेथील हरणांचे आंकडे कॉगली यानें १९७० सालीं संशयास्पद ठरविले. तेव्हां त्याचा सिद्धांत घ्यावा, आंकडे जपून घ्यावेत. १९४३ सालीं विस्कॉन्सिनमध्यें माद्यांचीही शिकार व्हावी म्हणून तो उभा राहिला, तेव्हां लोक त्याच्यावर खवळले. मादीवर बंदूक हें शिकाऱ्यांनाही पाप वाटलें! नराला मारून फुशारकी मिरविणारे हेच लोक.

गंमत अशी कीं, आपलेंच चितळ १९३० नंतर टेक्सासांत गेलें आणि तेथील खाजगी रानांत आज शिकारीचें जनावर म्हणून पाळलें जातें. शहाणा जमीनमालक तेथें कोवळे नर राखतो, त्यांना वयांत येऊं देतो, माद्या वेळच्या वेळीं कमी करतो, मारलेल्या जनावराचा जबडा पाहून दातांच्या झिजेवरून वय ताडतो. त्याचा हेतु धंद्याचा आहे, तो आम्हांस नको. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें शिकारीला आळा घातला आणि १९९१ पासून ती जवळजवळ पूर्णपणें बंद आहे, हेंही उत्तम. पण मोजणें कोणी बंद केलें नाहीं.

जादा चितळ सह्याद्रीच्या व्याघ्रप्रकल्पांत न्यावें, असें सुचविलें जातें. मध्यप्रदेशांत नरसाळ्याच्या आकाराचें कुंपण रचून, हात न लावतां, कळप गाडींत चढविण्याची रीत रुळली आहे. हाताळलेलें चितळ घाबरून मरतें, म्हणून ती आवश्यकच. वाघाला भक्ष्य मिळेल, हा युक्तिवाद कौटिल्यास पटला असता. तरी चांदोलीच्या धुंवाधार पावसांत आणि दाट झाडींत चितळ कितपत रमेल याची आम्हांस शंका वाटते; तें रान मुळांत सांबराचें व गव्याचें. सांबर आधीं न्यावें.

आपल्या मराठींत कळपाकडे पाहणारा लेखक झाला नाहीं असें नव्हे. याच जिल्ह्यांतील माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनीं, जे स्वतः बंदूक बाळगून हिंडले, 'सत्तांतरां'त वानरांच्या टोळीलाच नायक केलें. तेथें एक नर पडतो, दुसरा येतो, पिल्लें मरतात, आणि लेखक एकदांही डोळे पुसावयास थांबत नाहीं. सागरेश्वराच्या हरणांस असा लेखक अजून भेटावयाचा आहे. तोंपर्यंत निदान दरसालची मोजणी लोकांसमोर यावी. तिच्या तक्त्यांत नर, मादी आणि पाडस अशीं तीन घरें निराळीं असावींत, चौथ्यांत त्या साली शेतांचें झालेलें नुकसान असावें, आणि तो तक्ता देवराष्ट्र्याच्या चावडीवर लागावा.