चकाकी, लहानपण आणि वाफ: घरी बनवलेल्या इंजिनांची समीक्षा

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याची तर घरोघरी होते. पण कुणी घरच्या मागच्या खोलीत लेथ टाकून, दोन-तीन वर्षं खपून, वाफेवर चालणारं छोटं इंजिन बनवलं, तर त्याची समीक्षा कशी करायची? आपण करतच नाही. कौतुक करतो. आणि ते कौतुकही दोनच प्रकारचं असतं. एक, "वा, काय चकाकतंय!" आणि दुसरं, "अरे बाप रे, एवढंसं?" चकाकी आणि लहानपण, या दोन मापांनीच आपण या वस्तू मोजतो. माझं म्हणणं असं की ही दोन्ही मापं अपुरी आहेत, आणि त्यांच्यापायी चांगले कारागीर चुकीच्या गोष्टीवर वेळ घालवायला लागतात.

लहानपणापासून सुरुवात करू, कारण त्यात नागपूरचं नाव जगभर गेलंय. आपल्या शहरातले इक्बाल अहमद यांनी बनवलेलं चालतं वाफेचं इंजिन जगातलं सर्वांत छोटं म्हणून गिनीज बुकात नोंदलं गेलं. उंची सात मिलिमीटरच्या आत, वजन दोन ग्रॅमच्या आत. आता हे आकडे ऐकले की आपण "अबब" म्हणतो आणि थांबतो. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही हं, आपल्या थांबण्याबद्दल आहे. कारण त्या नोंदीतला खरा शब्द "छोटं" हा नाहीच. खरा शब्द "चालतं" हा आहे. तो आपण ऐकून न ऐकल्यासारखा करतो.

का खरा? तर बघा. इंजिन निम्म्या मापात बनवलं की आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं, पण आत मावणारी वाफ एक अष्टमांश होते. म्हणजे वाफेच्या मानाने थंड भिंत दुप्पट झाली. बाराव्या हिश्शाचं मॉडेल केलं तर बारापट. वाफ सिलिंडरमध्ये शिरते, भिंतीला लागते आणि पिस्टनला ढकलण्याआधीच तिचं पाणी होतं. मोठं इंजिन लहान केलं म्हणजे लहान इंजिन तयार होतं, असं नाही. इंजिन मापात उतरतं, वाफ मापात उतरत नाही. म्हणून इतक्या लहान मापात इंजिन चालणं ही बारीक हातकामाचीच नाही, तर उष्णतेशी घातलेल्या वादाची गोष्ट आहे. त्या अंगाने कुणी लिहिलेलं मी तरी फारसं वाचलेलं नाही.

हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये 1898 साली या छंदाला वाहिलेलं "मॉडेल इंजिनियर" नावाचं नियतकालिक सुरू झालं. त्यात 1920 च्या दशकात बॉयलरवरून जबरदस्त भांडण झालं. एका बाजूला स्पिरिटच्या दिव्यावर तापणारे बॉयलर मानणारे लोक. दुसऱ्या बाजूला "एलबीएससी" या नावाने लिहिणारा कर्ली लॉरेन्स. त्याचं म्हणणं, खऱ्या इंजिनासारखा नळ्यांचा बॉयलर करा, त्यात कोळसा घाला, आणि मग ते किती माणसं ओढतं ते दाखवा. 1924 च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याचं "आयेशा" नावाचं अडीच इंच गेजचं इंजिन जिवंत माणसं ओढताना लोकांनी पाहिलं. माझ्या मते ही या क्षेत्रातली पहिली खरी समीक्षा. शब्दांची नाही, ओझ्याची. दिसतं कसं हा प्रश्न लॉरेन्सने फारसा मनावर घेतला नाही, आणि त्याबद्दल त्याला बोलणीही बसली. तिथे तो थोडा एकांगी होता, त्याकडे येतो मी.

आता चकाकी. हल्ली मोबाइलवर असे शेकडो व्हिडिओ दिसतात. काळ्या कापडावर पितळेचं इंजिन, फ्लायव्हील फिरतंय, एक थेंब पाणी नाही, तेलाचा डाग नाही. मंडळी, नीट पाहिलंत तर एका कोपऱ्यात पारदर्शक नळी दिसेल. ती कॉम्प्रेसरची. हे इंजिन हवेवर चालतंय. (हशा) हवेवर चालवणं काही गुन्हा नाही. जुळवाजुळव तपासायला सगळेच चालवतात. पण त्याला वाफेचं इंजिन म्हणून दाद द्यायची असेल तर थोडं थांबलं पाहिजे.

हवा आपल्या खोलीच्याच तापमानाची असते. तीन बार दाबाची वाफ असते साधारण 144 अंशांची. आता हिशेब करा. बिडाचा सिलिंडर, त्यात गनमेटलचा पिस्टन, व्यास 20 मिलिमीटर. गनमेटल बिडापेक्षा जास्त फुगतं. तीस अंशांवरून एकशे चव्वेचाळीसवर गेलं की पिस्टन सिलिंडरपेक्षा सुमारे 18 मायक्रॉन जास्त वाढतो. म्हणजे जवळजवळ दोन शतांश मिलिमीटर. कारागिराने अभिमानाने एक शतांशाची फट ठेवली असेल, "बघा किती घट्ट बसवलाय", तर तो पिस्टन वाफेवर अडकणार. हवेवर जी सफाई वाटत होती, ती वाफेवर दोष ठरते.

हे मी हवेत बोलत नाहीये. हे जे टेबलावर ठेवलंय, उभं, एका सिलिंडरचं, ते आपल्याच शहरातल्या एका गृहस्थांनी केलंय. नाव सांगायचं नाही या अटीवर त्यांनी ते मला चार दिवस दिलं. विकतचं ओतकाम न आणता, भंगार बाजारातल्या दांड्या कापून केलेलं आहे. हवेवर ते लोण्यासारखं चालत होतं. पहिल्यांदा वाफ दिली आणि मिनिटभरात जाम. त्यांनी पिस्टन काढला, फट वाढवली, खाच पाडून ग्रॅफाइटचं पॅकिंग भरलं. आता हवेवर ते थोडं फसफसतं. वाफेवर मात्र सुरेख चालतं. हवेवर फसफसणं ही मी या इंजिनाची पहिली उत्तम गोष्ट मानतो.

कौतुक झालं, आता दोष सांगतो. त्यांनाही सांगितलेत. एक तर नट. सिलिंडरच्या झाकणावरचे सहा नट बाजारातले, जसेच्या तसे. मॉडेल साधारण बाराव्या हिश्शाचं धरलं तर मूळ इंजिनावर ते नट वाटीएवढे झाले असते. एवढ्या एका गोष्टीने इंजिन खेळण्यासारखं दिसतं. बारीक षट्कोनी दांडी घेऊन नट स्वतः कातले असते, आटे पाडले असते, तर दोन रविवार गेले असते, पण सगळ्याचं रूप बदललं असतं. दुसरं, खांब. सिलिंडर ज्यावर उभा आहे तो खांब त्यांनी बफ मारून आरशासारखा केलाय. खऱ्या इंजिनात हा भाग ओतीव असतो, खडबडीत, त्यावर रंग असतो. कनेक्टिंग रॉड उजळ, फ्लायव्हीलची कड उजळ, कारण तिथे यंत्रावर काम झालेलं असतं. आऱ्यांना रंग. म्हणजे कुठे चकाकी आणि कुठे रंग, हे कारखान्यात कामानेच ठरायचं. सगळंच चकाकवलं की कुठलाच भाग काही सांगत नाही. शिवाय कापडी बफने कडा गोल होतात. धारदार कड हीच तर फिटरची सही! कानस, मग लाकडाच्या पट्टीवर गुंडाळलेला पॉलिश पेपर, एकाच दिशेने, असं केलं तर कड राहते. वेळ लागतो, हे खरं.

आणि एक गोष्ट, जी दिसत नाही. बेअरिंग बसवताना एमरीची पेस्ट लावून घासू नये. पितळ मऊ असतं, एमरीचे कण त्यात रुतून बसतात, आणि मग ते बेअरिंग दांड्याला आयुष्यभर कानशीसारखं खात राहतं. बाहेरून लखलखीत, आतून कुरतडणारं. अशी इंजिनं प्रदर्शनात बक्षीस घेऊन जातात. परीक्षक हाताने फ्लायव्हील फिरवून बघतात, बस्स. (हशा)

रंगाबद्दल थोडक्यात. ब्रशने दिलेला थर दशांश मिलिमीटरचा असला, तर बाराव्या हिश्शाच्या मॉडेलवर तो मूळच्या मानाने सव्वा मिलिमीटर जाड झाला. रिव्हेटची डोकी बुडतात त्यात. पातळ थर, दोनदा, आणि चकाकी कमी. आणि मुख्य म्हणजे रंग वाफेच्या तेलात टिकला पाहिजे. सिलिंडरचं तेल दाट असतं, गरम झाल्यावर सगळीकडे पसरतं. साधा रंग तासाभरात सुटायला लागतो. म्हणून माझा आग्रह आहे, फिनिशिंग तपासायचं ते इंजिन दहा तास वाफेवर चालल्यानंतर. आधी नाही. टेबलावरच्या या इंजिनाचा रंग ग्लँडजवळ थोडा पिवळा पडलाय बघा. त्यांना ते पुसून, परत रंगवून द्यायचं होतं. मी म्हटलं, राहू द्या. लॉरेन्स एकांगी होता म्हटलं ते यासाठी. दिसणं महत्त्वाचं आहेच. पण ते गरम इंजिनाचं दिसणं असावं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा छंदासाठी एवढा खल कशाला? सांगतो. आपण नॅरोगेजच्या मुलखातले लोक. बंगाल-नागपूर रेल्वेने विणलेलं अडीच फुटी रुळांचं सातपुड्यातलं जाळं आपल्या डोळ्यांदेखत संपलं. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. तिकडे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेला 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन ओढायचं, ते 15 एप्रिल 1994 रोजी उतरवलं. ती इंजिनं जपली, ही चांगलीच गोष्ट. मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जा. पण तिथलं इंजिन थंड आहे. एनॅमलचे थर चढलेले, रंगवायची नसतात ती अंगंही रंगवलेली. आऱ्यापासून रॉडपर्यंत एकच काळा. पुण्यात भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, 1998 पासून. अप्रतिम काम. पण तिथल्या मांडणीवर धावणारं वाफेचं इंजिन आत मोटरवर चालतं, आणि ते त्या कलेला साजेसंच आहे. कला वेगळी आहे ती.

मग व्हॉल्व्ह कसा बसवायचा, दोन्ही बाजूंचे ठोके सारखे कसे करायचे, ग्लँड किती आवळायचा की गळणारही नाही आणि दांडा धरणारही नाही, हे हातातलं ज्ञान कुठे उरलंय? शेडमधले फिटर निवृत्त झाले, त्यातले बरेच गेले. मला तरी या शहरात ते अशा दोन-चार घरांतच दिसतं. त्या घरातल्या माणसाला आपण "किती चकाकतंय" म्हणालो, तर तो पुढच्या वेळी बफ जास्त मारेल. "दोन्ही ठोके सारखे नाहीत हो, वरचा जरा लवकर येतोय" असं म्हणालो, तर तो एक्सेंट्रिक सोडून परत बसवेल. टेबलावरच्या या इंजिनाचा वरचा ठोका खरंच लवकर येतो. परवा ते घरी नेऊन सोडवणार आहेत.

प्रश्न घेऊ या. हो, मागून.

(श्रोत्याचा प्रश्न: घरी बॉयलर करणं धोक्याचं नाही का?)

आहे. तांब्याचा करा, सांधे चांदीच्या डाखाने झाळा. साधा डाख दोनशे अंशांच्या आसपास वितळतो, आणि बॉयलरमधलं पाणी संपलं की तो सुटतो. आधी बॉयलर पूर्ण पाण्याने भरून, हवा अजिबात न ठेवता, चालवायच्या दाबाच्या दुपटीने तपासा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा फुटला तर नुसतं गळतं. हवेने तपासलं तर मात्र स्फोट होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह पहिल्यांदा तुमच्यासमोर उडाला पाहिजे, कागदावर नाही. आणि आपल्या बोअरचं पाणी नको. क्षार जमतात, नळ्या बुजतात. पावसाचं गाळून ठेवा किंवा डिस्टिल्ड आणा.

(दुसरा प्रश्न: हे टेबलावरचं आत्ता चालवून दाखवाल का?)

इथे आग पेटवायची परवानगी नाही. कॉम्प्रेसर आहे म्हणतात संयोजक, पण एवढं बोलल्यावर आता हवेवर कसं चालवू? (हशा) रविवारी सकाळी त्यांच्या घरी या. पत्ता मी नाही सांगणार, त्यांनाच विचारा. ते तिसऱ्या रांगेत बसलेत.